घारमाथ्यावरची धुणी

"धुणी कुठं धूत होतात?" गुंजीकरसाहेबांनी विचारलं.

सिदू येडग्यांनी आधी साहेबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग उघड्या दारातून बाहेर. बाहेर घारमाथ्याचा बोडका सडा होता. काळा कातळ, कातळाच्या भेगांतून वाळलेलं गवत, मधोमध पोलादी टॉवर आणि टॉवरच्या खांद्यावर दोन पांढऱ्या थाळ्या. पाणी म्हणाल तर दाराशी ठेवलेल्या दोन घागरींत होतं तेवढंच.

"हितं?" ते म्हणाले.

"तेच विचारतोय मी. कुठं?"

"साहेब, हितं प्याया पानी खालनं डोईवर येतं. धुणी कशात धुवू?"

साहेबांनी फायलीतला कागद पुढं केला. "हे तुमच्या नोंदवहीतलं आहे. सतरा सकाळी यंत्र बंद. सतराही दिवशी शेरा एकच. धुणी."

"म्या धुई लिवली, साहेब."

"धुई काय, धुणी काय. कामाच्या वेळेत यंत्र सोडून गेलात ना?"

मी मांडीवरच्या वहीत लघुलिपीच्या रेघा ओढत होते. माझं नाव कुंदा टिपणीस. वय तेव्हा चोवीस. टेलिफोन खात्याच्या विभागीय कार्यालयातली मी टंकलेखिका, आणि साहेब चौकशीला निघाले की जबाब टिपायला सोबत. "नाव टिपणीस आणि काम टिपायचं, बाईंना पत्रिकेतच नोकरी लिहून दिलीय," असं साहेब प्रत्येक नव्या माणसाला सांगत. येडग्यांचं 'धुई' मी ऐकलं आणि वहीत 'धुणी' असंच घेतलं. गावाकडच्या माणसाच्या तोंडी एखादं अक्षर गळतं, असं मला वाटलं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून त्यांची बायको बाहेर आली. भागूबाई. हात पिठानं पांढरे, पदर कमरेला.

"ह्यो धुणी धुतो म्हनता?" ती थेट साहेबांपुढं उभी राहिली. "तीस वर्सं संसार केला मी. उभ्या जन्मात ह्यानं सोताचा पटका पिळला न्हाई! धुतली असती तर मी डोंगरावर पेढं वाटलं असतं!"

"भागे, आत जा."

"का जाऊ? ह्या एका सबदापायी खाली गिरणीवाला दळण घेईना. ओढ्यावर बायका दगड सोडून उठत्यात. पोरं 'धुणीसिदू, धुणीसिदू' म्हनून मागं लागत्यात. एकदा तरी खरं धुतलं असतं तर सोसलं असतं मी!"

आमच्या जीपचा ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. साहेब हसले नाहीत. मी खाली मान घालून लिहीत राहिले.

हे सत्त्याऐंशी सालचं. फाल्गुन नुकता लागला होता.

घारमाथ्यावरून धरणाचं पाणी ओलांडून तालुक्याच्या गावाला फोनचे आवाज जायचे. मधे तार नाही, खांब नाही. इकडच्या थाळीनं हवेत सोडायचं आणि बेचाळीस किलोमीटरवरच्या थाळीनं झेलायचं. डोंगराखालचं मुरंबे आणि आजूबाजूची अकरा गावं, त्यांच्या पोस्टांतले फोन या एका न दिसणाऱ्या रेघेवर चालत. त्या पौष-माघात ही रेघ सतरा सकाळी तुटली. दर वेळी तास-दीड तास, आणि मग आपोआप जोडली गेली.

त्यांतली एक सकाळ तेवीस जानेवारीची. मुरंब्याच्या शाळेतले हावळगुरुजी पहाटे पोस्टमास्तरांच्या दाराशी आले. त्यांची बायको बाळंतपणात अडली होती, रक्त थांबत नव्हतं. तालुक्याहून गाडी बोलवायची होती. पोस्टमास्तर सव्वासहापासून फोनची मूठ फिरवत बसले. शेवटी एक माणूस सायकलवर पाठवला. फोन लागला तो दीड तासानं, आणि गाडी आली तेव्हा साडेदहा वाजले होते. बाळ राहिलं. बाई गेली.

मग तक्रार झाली, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, आणि कार्यालयानं घारमाथ्याची नोंदवही मागवली. वहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात मराठीत लिहिलेलं असे, कारण तो रकाना कुणी वाचतच नसे. त्या वेळी वाचला. आरोपपत्रासाठी नोंदींची प्रत टाइप केली ती मी. त्या आरोपपत्राची एक प्रत मुरंब्याच्या चावडीत पोचली, साक्षीदार हवे होते म्हणून. ती गावाला मोठ्यानं वाचून दाखवली हावळगुरुजींनीच.

आता साहेबांचा अहवाल गेला की येडगे बडतर्फ होणार होते. टॉवर उभा राहताना त्यांनी डोक्यावरून सिमेंट वाहिलं होतं. मग ते रखवालदार झाले. मग रात्रीच्या साक्षरता वर्गात अक्षरं शिकून यंत्र सांभाळणारे झाले. आणि आता मुरंब्यात कुणी त्यांना राम राम घालत नव्हतं.

"बरं, धुणी नाही," साहेब म्हणाले. "मग कारण सांगा. पाऊस होता?"

"न्हाई."

"वादळ? वीज गेली? यंत्रात बिघाड?"

"न्हाई साहेब. वारा न्हवता."

"वारा नव्हता म्हणून बंद पडलं? अहो, ही काय पवनचक्की आहे?"

"पावसात यंत्राचा काटा हलत न्हाई, साहेब. मिरगात ढग अंगावर येत्यात, टावर वाजतो, तरी काटा जाग्यावर. ज्या सकाळी पान हलत न्हाई त्या सकाळी पडतो. धरणाचं पानी वर आल्यापासनं जास्तच." येडगे थांबले. "उद्या पडंल."

"उद्या? कशावरून?"

"ऐका."

आम्ही ऐकू लागलो. सूर्य टेकला होता. वारा मघाशी होता तो कधी पडला ते कळलं नव्हतं. खाली पाणी मांडल्यासारखं निश्चल होतं, आणि त्या पाण्यापलीकडून, फार लांबून, एक कुत्रं भुंकलं. मग गुराच्या गळ्यातली घंटा. मग कुणा बाईनं कुणाला तरी हाक मारली, "इटू, आरं ये इटूऽ"

"ती आंबेवाडी," येडगे म्हणाले. "अडीच मैल. येरवी हितं कायबी ऐकू येत न्हाई. जवा असं ऐकू येतं तवा सकाळी फोन जात न्हाई. आवाज हिकडं आला की आपला तिकडं जात न्हाई, असं म्या धरलंय."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं, निघायचं म्हणतील. ते म्हणाले, "ठीक आहे. सकाळपर्यंत थांबू. पण काटा हलला नाही तर आहे तोच अहवाल जाईल."

"जाऊ दे," येडगे म्हणाले.

साहेब यंत्राच्या खोलीशेजारी खाटेवर झोपले. मला भागूबाईनं आपल्या खोलीत घेतलं. भाकरी आणि कुळथाचं पिठलं होतं. मी एक भाकरी सोडली तर म्हणाली, "खावा की. शिव्या तुमास्नी न्हाई दिल्या मी. तुमी नुस्त्या लिवनाऱ्या."

पहाटे मला जात्याच्या घरघरीनं जाग आली. अजून उजाडलं नव्हतं, पण दाराच्या फटीत राखाडी रेघ होती. भागूबाई एक पाय लांब करून दळत होती. गिरणीवाला दळण घेईना तेव्हापासून तिनं सासूचं जातं काढलं होतं. पिठाचा वास खोलीभर होता.

मध्येच तिनं खुंटा थांबवला आणि मान वर केली.

"आली," ती पुटपुटली.

"कोण?"

तिनं तोंडावर बोट ठेवलं. मी उठून बसले. लांबून, खूप लांबून एक बाईचा सूर येत होता. शब्द अर्धेच पोचत होते. सूर तुटे, पुन्हा लागे. उरलेले शब्द भागूबाई इकडून हळू आवाजात भरत होती, फाटलं वस्त्र दोघींनी दोन बाजूंनी धरून शिवावं तशी.

धुई पडली पडली, दिसंना गं आरपार
बहिणीच्या कानी जाई, माझ्या जात्याची घरघर

धुई पाण्यावं बसली, पांघरली गं पासोडी
माझी भागूबाई बहीण, पल्याडची माझी जोडी

"माझी धाकटी हाय. चंद्रा," ती म्हणाली. "आंबेवाडीला दिली. पानी न्हवतं तवा तासाभराची वाट. सकाळी जाऊन दुपारच्या भाकरीला घरी. आता यस्टीनं वळसा घालून दोन दिस जात्यात. मग अशी भेट. धुई पडली की ती गाती. ती गाती तवा मी जातं थांबिवती, मी गाती तवा ती थांबिवती."

"धुई पडली की म्हणजे?"

"धुई ठावं न्हाई?" तिला खरंच नवल वाटलं. "या हिकडं."

तिनं दार उघडलं.

घारमाथ्याचा खांदा कोरडा होता. आभाळ स्वच्छ होतं, शुक्राची चांदणी नुकती घासून ठेवलेल्या समईसारखी दिसत होती. पण आमच्या पायांखाली दरी नव्हती, धरण नव्हतं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पांढरं काहीतरी सपाट पसरलं होतं. धुकं मी पाहिलं होतं. धुकं चढतं, उतरतं, अंगाला लागतं. हे बसलं होतं. परातीत दूध ओतून ठेवावं तसं.

"ही धुई," भागूबाई म्हणाली.

मी घरात परत आले. साहेबांची चामडी पिशवी रात्री माझ्याच उशाशी ठेवलेली होती. तिच्यात मूळ नोंदवही होती. टाइप केलेली प्रत सोबत असल्यावर मूळ वही कोण उघडतो? मी दाराच्या उजेडात बसून ती उघडली.

'स. ६.१० ते ७.४०. धुई.'

अक्षर मोठ्या वयात शिकलेल्या माणसाचं होतं. प्रत्येक अक्षर वेगळं, दाबून काढलेलं, शिरोरेघ पट्टीनं ओढावी तशी सरळ. 'ई' तर इतक्या निगुतीनं काढलेली की डोक्यावरचा फाटासुद्धा दर वेळी एकाच मापाचा. सतरा वेळा धुई. एकदाही चूक नाही.

मला ती दुपार आठवली. टंकयंत्रापुढं बसून मी हा शब्द पहिल्यांदा वाचला होता, आणि मला त्या माणसाची दया आली होती. बिचाऱ्याला 'ण' येत नाही, असं मनात म्हणाले होते. साहेबांपुढं अशुद्ध जायला नको म्हणून मी तो शब्द शुद्ध केला होता. सतरा वेळा. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हणालेसुद्धा होते, "धुणी धुतली ते वहीत लिहून ठेवतो, काय भोळा माणूस आहे."

"बाई, च्या घ्या," भागूबाई म्हणाली.

मी चहा घेतला. तो कसा होता ते आठवत नाही.

सहा वाजून बारा मिनिटांनी काटा पडला.

यंत्राच्या खोलीत आम्ही तिघं होतो. साहेबांनी कानटोपी काढून बाजूला ठेवली. वीज पाहिली. पाठवणारं यंत्र पाहिलं, घेणारं पाहिलं. मग जोडीचं राखीव यंत्र चालू केलं. काटा थरथरला, थोडा वर आला, परत खाली पडला. साहेबांनी फोन उचलून तालुक्याला हाक दिली. नुसती खरखर, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी.

"इकडं सगळं चालू आहे," ते स्वतःशीच म्हणाले.

"व्हय."

"तुम्ही कशाला हात लावला नाहीत."

"तुमीच हुबं हाय की माज्याजवळ."

"पण धुक्यानं ही लाट अडत नाही, येडगे. पुस्तकात स्पष्ट आहे."

"धुकं न्हवं साहेब. धुई. या, दावतो."

बाहेर तांबडं फुटलं होतं. येडगे कड्याच्या टोकाशी उकिडवे बसले आणि त्यांनी खाली बोट केलं. मुरंब्याच्या चुली पेटल्या होत्या. पांढऱ्या थरातून वीस-पंचवीस धुराच्या काठ्या सरळ वर येत होत्या. अगदी सरळ. आणि एका उंचीला आल्या की जणू वर छत लागल्यासारख्या आडव्या होऊन पसरत होत्या. सगळ्यांची उंची एकच. गावावर धुराचं एक पातळ छप्पर झालं होतं.

"धूर तितनं वर जात न्हाई," येडगे म्हणाले. "का जात न्हाई ते मला ठावं न्हाई. पर धुराला वाट न्हाई तवा आपल्या आवाजालाबी न्हाई. दुधावर साय धरती बगा, तसं हवंवर धरतं. हलवलं न्हाई तरच धरतं. वारा सुटला की साय मोडती."

साहेब एकदम खाली बसले, त्या कातळावर, इस्त्रीच्या विजारीसकट.

"उलटा थर," ते म्हणाले. "खाली पाण्यालगत गार, ओली हवा. वर कोरडी आणि ऊबदार. लाट सरळ जायची ती या थरात वाकते. काही खाली जाते, काही पाण्यावरून उसळते, आणि पलीकडच्या थाळीशी पोचेपर्यंत त्या एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणूनच लांबचा आवाजसुद्धा वर न जाता वाकून इकडं येतो." त्यांनी चष्मा पुसला. "परीक्षेला मी हे पाठ केलं होतं, बाई. आकृतीसकट. डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं."

पलीकडचा सूर मघाच थांबला होता. खाली एक कोंबडा आरवला, तो अगदी पायाशी असल्यासारखा.

सात वाजून अडतीस मिनिटांनी माझ्या मानेवर गार झुळूक आली. धुराच्या छपराला एका कडेनं भोक पडलं, मग ते फाटत गेलं. येडगे उठलेही नाहीत. आतून फोनची घंटा वाजली.

साहेबांनी तिथंच, दारात उभं राहून अहवाल सांगायला सुरुवात केली. मी वही उघडली. "प्रत्यक्ष पाहणीत असे आढळले की," इथपासून सगळं नीट होतं. मग ते म्हणाले, "मूळ वहीतील शेरा अशुद्ध व अवाचनीय असल्याने टंकलेखनात..."

माझी पेन्सिल थांबली.

"काय झालं? भरभर सांगतोय का?"

"साहेब, शेरा वाचनीय आहे."

"तुम्ही पाहिलात?"

"पहाटे पाहिला. आणि महिन्यापूर्वीही. त्यांनी धुईच लिहिलंय. मला तो शब्द माहीत नव्हता. मी दुरुस्त केला."

साहेबांनी माझ्या हातातून मूळ वही घेतली. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "टंकलेखनात चूक झाली, एवढंच लिहू. नाव कशाला? नवीन नोकरी आहे तुमची."

"नाव लिहा, साहेब."

येडगे दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्याकडं पाहायचं टाळत होते, पण पाहावंच लागलं. रागावले असते तर सोपं झालं असतं. ते थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले. एखाद्या लहान गावाहून आलेल्या माणसाकडं बघावं तसे.

"तुमच्या गावाला धुई पडत न्हाई व्हय?" ते म्हणाले.

"नाही."

"मग तुमास्नी कसं कळावं?"

भागूबाई मात्र आतून म्हणाली, "इचारायचं तरी!" आणि भांडं आपटलं. तिचं बरोबर होतं.

अहवालात नाव गेलं. पुढं माझ्या सेवापुस्तकात एक ठपका लागला, त्याचं विशेष काही झालं नाही. पण कागद वर जातो, खाली येत नाही. मुरंब्याला कोण सांगणार होतं? जीप डोंगर उतरताना मी साहेबांना म्हटलं, शाळेपाशी दोन मिनिटं थांबा. येडगे खालून पाणी आणायला आमच्याबरोबरच जीपमधे होते. शाळा दिसताच ते उतरले आणि कुंपणाबाहेरच घागर मांडून उभे राहिले.

शाळेच्या ओसरीवर लुगड्याची झोळी बांधलेली होती. हावळगुरुजी एका हातानं तिला झोका देत आत मुलांना पाढे म्हणायला लावत होते. चाळिशीचे असतील. दाढी वाढलेली. मी कोण ते सांगितलं. मग मी जे केलं ते सांगितलं, आणि वर काय पाहिलं-ऐकलं तेही. पाठ केल्यासारखं एका दमात सांगितलं, नाहीतर सांगता आलं नसतं.

"वही आहे?" त्यांनी विचारलं.

मी दिली. त्यांनी तेवीस तारीख काढली. बोट शेऱ्याच्या रकान्यावर ठेवलं. आतली मुलं बाराच्या पाढ्यावर अडली, तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.

"ही ई मी शिकवली त्याला," ते म्हणाले. "रात्रीच्या वर्गात. फाटा द्यायला विसरायचा. म्हणून शंभर वेळा काढून घेतली." मग वही मिटून मला परत दिली. "तुम्हाला शब्द माहीत नव्हता, बाई. मी याच गावचा. माझी आई म्हणायची, धुई पडलीय, पोरांनो कान झाका. मी टाइप केलेला कागद वाचला आणि त्याला विचारलं नाही."

झोळी थांबली होती. आतून बारीक कुरकुर आली. त्यांनी पुन्हा झोका दिला.

"त्याच्यावर राग होता तोवर सकाळी उठून करायला काहीतरी होतं," ते म्हणाले. "आता राग धरायचा कुणावर? हवेवर?"

साहेब जीपजवळ उभे राहून घड्याळाकडं न पाहण्याचा प्रयत्न करत होते.

गुरुजी ओसरीवरून उतरले आणि कुंपणापर्यंत गेले. येडग्यांनी घागर उचलली, जायच्या तयारीनं.

"सिदू."

"जी."

"धुई आदल्या संध्याकाळीच कळते म्हणे तुला."

"कळती. वारा पडला आन् आंबेवाडीचं कुत्रं ऐकू आलं की कळती."

"त्या दिवशी कळली होती?"

येडगे खाली बघत होते. "कळली व्हती, गुरुजी. वहीत लिवली म्या. दुसरं कुनाला सांगायचं, ठावं न्हवतं."

दोघांच्या मधे करवंदीचं कुंपण होतं. मग गुरुजी म्हणाले, "पुढच्या खेपेला गावाला सांग. बाळंतीण असली, आजारी असलं कुणी, तर आदल्या दिवशीच तालुक्याला नेता येईल."

"वरनं कसं सांगू? हाक येत न्हाई खाली. फोन तर माझ्याच यंत्राचा."

"दिसेल असं काहीतरी कर. तुझं तू बघ."

जीप निघाली. आरशात ते दोघं अजून उभे दिसत होते. राम राम झाला की नाही, ते मला दिसलं नाही.

त्यानंतर पाच वर्षांनी मी त्या रस्त्यानं गेले, माझ्या मावसबहिणीच्या लग्नाला. एसटीत खिडकीशी होते. माघ महिना होता. ऊन उतरत होतं, वारा पडलेला, धरणाचं पाणी घडी न मोडलेल्या कापडासारखं. मुरंब्याच्या फाट्यावर गाडी थांबली आणि मी वर पाहिलं.

घारमाथ्यावर टॉवरच्या पायापासून घराच्या आढ्यापर्यंत दोरी ताणलेली होती. दोरीवर एक लालभडक इरकली लुगडं होतं आणि त्याच्याशेजारी पांढरा पटका. दोन्ही सरळ लोंबत होते. जराही हलत नव्हते.

फाट्यावर चढलेल्या एका म्हाताऱ्यानं माझ्याशेजारी बसता बसता तिकडं पाहिलं आणि खिडकीतून खाली उभ्या असलेल्या माणसाला ओरडून सांगितलं, "आरं म्हादू, सुनंला आजच ने तालुक्याला! सकाळच्यापारी फोन लागायचा न्हाई. सिदूनं धुणी घातल्यात!"

मग माझ्याकडं वळून, परक्या बाईला समजावं म्हणून म्हणाला, "धुणी, बाई. आमच्याकडं धुणी पडली म्हंजी फोन बंद."

मी मान हलवली. दुरुस्त केलं नाही.